ज्यानं चहा घेतला, त्याची सुपारी

त्या दोन वर्षांत आमच्या घरातून रोज सकाळी एक माणूस गाव बंद करायला निघायचं आणि दुसरं माणूस गाव कधी उघडतंय याची वाट बघत ओट्यावर बसायचं. बंद करायला निघणारी मी. वाट बघणारे माझे वडील, अण्णा. मधे आई, दोघांनाही चहा देणारी आणि दोघांचंही ऐकून घेणारी. माझा पगार चालू, अण्णांचा धंदा बंद, आणि तो बंद असल्याची दवंडी पिटणारी त्यांचीच पोरगी. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते आम्ही दोन वर्षं रोज जेवताना अनुभवलं.

मी नगरपंचायतीत लिपिक आहे. बीड जिल्ह्यातलं आमचं गाव तालुक्याचं म्हणून मोठं म्हणायचं, नाहीतर या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला कळतं. पहिली टाळेबंदी लागली तेव्हा साहेबांनी मला घंटागाडीवर बसवलं आणि हातात माईक दिला. कारण काय, तर माझा आवाज खणखणीत. "विनाकारण घराबाहेर पडू नका, तोंडाला मास्क लावा, एकमेकांत सहा फूट अंतर ठेवा," असं ओरडत मी गल्लीबोळ फिरायचे. आमच्या घरावरून गाडी गेली की अण्णा कान देऊन ऐकायचे आणि दुपारी जेवताना म्हणायचे, "सांगतीस ते खरंय बाई, पण तुझी पट्टी लई वर लागती. जरा खालून उचल. लोकं भेत न्हाईत, कटाळतेत."

त्यांना सुरातलं कळायचं. अण्णा बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. बँड त्यांचाच होता, पण मालक म्हणवून घ्यायला लाजायचे. पाच-सहा माणसं, लाल कोट, कोटाला सोनेरी झालर. क्लॅरोनेटच्या जोडीला ट्रम्पेट वाजवणारे काका. ते आमच्या नात्यातले नव्हते, मागच्या गल्लीत राहायचे. पण मला कळायला लागल्यापासून मी त्यांना काकाच म्हणत आले. अण्णा आणि काका एका तंबाखूच्या डबीत वाढलेले. एकानं सूर सोडला की दुसरा तिथून उचलायचा, बघायचं सुद्धा नाही एकमेकांकडे.

आमच्या घरात वाजवणं ही सोपी गोष्ट नव्हती. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आजोबांनी गावकीची हलगी आडात टाकली होती. कुणाचं लग्न असो की मयत, हुकूम आला की जायचं आणि उंबऱ्याबाहेर वाजवत उभं राहायचं, ते त्यांनी एका दिवसात बंद केलं. त्यामुळे तरुणपणी अण्णांनी पोलीस बँडमधून निवृत्त झालेल्या एका माणसाकडून क्लॅरोनेट शिकून घेतलं तेव्हा आजोबा भडकले. "मी टाकलं ते तू उचललंस, बे?" अण्णा म्हणाले, "तुमाला हुकूम यायचा. माझ्याकडं माणूस येईल." आणि त्यांनी एक नियम केला. ज्याला बँड पाहिजे त्यानं आमच्या ओट्यावर यायचं, बसायचं, आमच्या कपात चहा घ्यायचा. ज्यानं चहा घेतला त्याचीच सुपारी. एकदा सुपारी घेतली की मग आभाळ कोसळलं तरी वाजवायला जायचं. त्यासाठी आईनं चांगल्या कपबश्या वेगळ्या ठेवल्या होत्या.

उमापूरकडचे एक पाटील आले होते म्हणे. चहा समोर आल्यावर म्हणाले, आज उपास आहे. अण्णा म्हणाले, मग उपास सुटल्यावर या. आठवड्यानं ते परत आले आणि चहा प्याले. ही गोष्ट अण्णा रंगात आले की सांगायचे, आणि दर वेळी पाटलांच्या मिशीला लागलेली साय थोडी जाड व्हायची.

आमच्याकडची लग्नसराई पंचांगापेक्षा कारखान्यावर ठरते. निम्मा तालुका दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की चैत्र-वैशाखात माणसं गावी येतात. मग पुढचे दोन-अडीच महिने लग्नंच लग्नं. पाटोद्यापासून तेलगावपर्यंत अण्णांचा टेम्पो फिरायचा. वर्षाचं वाजवणं त्या एवढ्या दिवसांत. बाकीचं वर्ष मग एखादी मिरवणूक, एखादा साखरपुडा, आणि रियाज. आणि रोगानं दोन्ही वर्षं नेमका तोच मुहूर्त धरला.

पहिल्या वर्षी घेतलेल्या सगळ्या सुपाऱ्या परत गेल्या. भीमजयंतीला मिरवणूक नाही, लोकांनी घरात मेणबत्त्या लावल्या. अण्णा दुपारी आतल्या खोलीत दार लोटून वाजवायचे. आधी गल्लीला बरं वाटलं, पोरं खिडकीशी गोळा व्हायला लागली. मग गर्दी होते म्हणून कुणीतरी तक्रार केली, आणि साहेबांनी मलाच सांगितलं, घरी सांगा जरा. मी सांगितलं. अण्णा हसले. म्हणाले, "घंटागाडी दारावरून गेलीच हुती, आता घरातबी शिरली."

टीव्हीवर मोठमोठी माणसं जीव आधी की रोजगार आधी यावर भांडायची. ते भांडण आमच्या घरी भाकरी मोडता मोडता व्हायचं आणि कुणीच जिंकायचं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला अण्णांचं पटायचं आणि माझंही पटायचं. "अत्यावश्यक" या शब्दाचा मला तेव्हा राग यायला लागला तो अजून गेलेला नाही. किराणा अत्यावश्यक, खत-बियाणं अत्यावश्यक. दारूची दुकानं सुद्धा लवकर उघडली. वाजवणारा कुठंच बसत नव्हता. खरं तर बसायचं कारणही नव्हतं, श्वासातून पसरणारा रोग आणि श्वासावर चालणारा धंदा, हे मला कळत होतं. कळून राग जात नाही.

लोकांनी आपापल्या वाटा काढल्या. सलूनवाला उसाच्या फडात खुर्ची मांडून बसला. कापडवाल्यानं दारात कांद्याचं पोतं ठेवलं, म्हणजे दुकान भाजीचं झालं. शटर अर्धं खाली, गिऱ्हाईक आत, मालक बाहेर पहाऱ्याला. मी तपासणीच्या पथकाबरोबर गेले की ओळखीची माणसं हात जोडायची, "ताई, तुमीच सांगा, कसं जगावं आमी?" मला उत्तर यायचं नाही, म्हणून मी ओरडायचे. माझा स्वभावच तसा आहे. उत्तर नसलं की आवाज चढतो.

हिवाळ्यात जरा मोकळं झालं. मोजक्या माणसांत लग्नं सुरू झाली, बँडला परवानगी मिळाली, पण मास्क लावूनच. आता क्लॅरोनेट मास्क लावून कसं वाजवायचं? आईनं यावर तोड काढली. आई शिवणकाम करते. तिनं बँडच्या कोटाचं उरलेलं लाल कापड काढलं, सगळ्यांचे मास्क शिवले, आणि फुंकणाऱ्यांच्या मास्कला मधोमध काज पाडलं. शर्टाच्या गुंडीला असतं तसं, कडा नीट गुंफलेलं काज. त्यातून वाद्याचं तोंड आत घालायचं आणि वाजवायचं. काज बेताचं पडलं होतं, क्लॅरोनेटला अगदी माप घेऊन.

ते बघून मी कपाळावर हात मारला. म्हणाले, "आई, हे म्हणजे चाळणीनं पाणी झाकणं झालं." आई शांतपणे दोरा तोडत म्हणाली, "हुकूम मास्कचा हाय, मास्क लावलाय. पोट वाजवण्यावर हाय, वाजवतेत. आता अजून काय करावं माणसानं?"

एका लग्नात आमचंच पथक तपासणीला गेलं. साहेबांनी लाल मास्कातून निघालेलं क्लॅरोनेट पाहिलं, वाकून नीट पाहिलं, आणि आधी स्वतःच हसले. "मास्क आहे का? आहे. चला पुढं." आम्ही सगळे हसलो. काकांनी तर ट्रम्पेटचं तोंड काजातून आतबाहेर करून दाखवलं. खूप दिवसांनी तिथं हसू ऐकू आलं होतं. आज कुणी मला विचारलं की त्या दोन वर्षांत रोगही आवरायचा आणि पोटही चालवायचं हे कसं साधलं, तर मी म्हणेन, असं, मास्कला काज पाडून. सगळ्या जिल्ह्यानं तेच केलं. फक्त आमच्या आईचं काज दिसण्यासारखं होतं.

त्याच हिवाळ्यातली आणखी एक गोष्ट. तेलगावकडून एक गृहस्थ लग्नाचं सांगायला आले. गाडी गल्लीत उभी केली आणि ओट्याच्या खालीच थांबले. शिकलेले, नीट बोलणारे. आईनं चहा आणला. ते दोन पावलं मागं सरकले. "नको नको, दिवस कसे आहेत बघताय ना. इथूनच बोलू." सुपारी त्यांनी ओट्याच्या कडेला ठेवली आणि निघून गेले. अण्णांनी ती सुपारी उचलली नाही. मी कचेरीत निघाले होते, मला थांबवून म्हणाले, "हे आंतर रोगाचं म्हणावं का जुनं?"

"रोगाचं, अण्णा. मीच माईकवरून सांगते की."

"व्हय, तूच सांगतीस," ते म्हणाले.

ती सुपारी त्यांनी काकांच्या हाती परत पाठवली. तो माणूस वाईट नव्हता, रोगाला भ्यालेला होता, हे मी आजही सांगेन. पण अण्णांना खात्री करून घ्यायचा काही मार्ग नव्हता. दुसऱ्यांच्या अंगणात सहा फूट नवे होते. आमच्या ओट्यावर ते फार जुने होते, आणि मी ते भोंग्यातून सांगत होते.

दुसऱ्या वर्षी पुन्हा फाल्गुनापासून आकडे चढायला लागले. आदेश रोज बदलायचा. आज अकरापर्यंत दुकानं, उद्या दोनपर्यंत, परवा पूर्ण बंद. मी सकाळी एक सांगायचे आणि संध्याकाळी त्याच गल्लीत जाऊन उलटं सांगायचे. लोक गाडीला हसायला लागले. पट्टा पडला, ऊसतोडीची माणसं गावाकडं यायला लागली, आणि मधेच चार दिवस ढील मिळाली.

त्या ढिलाईत जवळच्या वाडीतला एक मुकादम आला. तोडणाऱ्यांची टोळी नेणारा, रापलेला, मोठ्या आवाजाचा माणूस. तो थेट ओट्यावर चढला, मांडी घालून बसला, तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि आत ओरडला, "वैनी, चहा टाका. साखर सढळ हातानं. सहा म्हैने फडात कोऱ्यावर काढलेत." कप भरून आला. तो बशीत ओतून फुर्र करून प्याला, आणि त्यानं दुसरा मागितला. मग अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "पोरीचं लगीन हाय. एकच पोरगी. तुमच्या वाजवण्याबिगर तिची बोळवण व्हायची न्हाई." शेजारी काका बसलेले. हे मला आईनं सांगितलं. सांगताना ती म्हणाली, अण्णांच्या तोंडावर वर्षभरानं रंग आला होता.

मी दुपारी घरी आले तर सुपारी घेतलेली. माझा आवाज चढला तो गल्लीनं ऐकला असेल. दवाखान्यात खाटा नाहीत, बीडला माणसं पोर्चमध्ये झोपवलीत, तुम्हाला शुगर आहे, तुम्ही फुंकायला चाललात. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यो बसला, बाई. तोंडावरचं काढलं आन् माझ्या कपात चहा पेला. त्येला कावून न्हाई म्हणू?"

मी कचेरीत जाऊन आदेश काढून वाचला. लग्नाला माणसं किती, वेळ किती, हे सगळं त्यात होतं. बँडबद्दल एक अक्षर नव्हतं. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "लिहिलेलं नाही ना, मग मला विचारूच नका." त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना रोज वरून एक फोन बंद करा म्हणून यायचा आणि खालून दहा फोन उघडा म्हणून. ते थकले होते. आम्ही सगळेच थकलो होतो, आणि थकलेली माणसं जे होईल ते होऊ द्यावं म्हणतात.

लग्नाला मी नव्हते, ड्यूटी होती. कागदावर ठरलेली माणसं मांडवात होती आणि उरलेली वाडी बांधावर उभी होती, असं आईला काकांनी सांगितलं. टेम्पोत सगळे दाटीवाटीनं बसून गेले, तसेच आले. अण्णा बुंदी घेऊन आले, घामेजलेले, खुशीत. बोळवणीच्या वेळी मुकादम लहान लेकरासारखा रडला म्हणे. अण्णा पाय धूत म्हणाले, "वरीसभराचं साचलं हुतं आत. आज सगळं मोकळं केलं." ते त्यांचं शेवटचं वाजवणं. तेव्हा कुणाला माहीत असतं?

आधी काकांना ताप आला. मग अण्णांना. काकांना बीडला नेलं, दुसऱ्या दिवशी अण्णांनाही. दोघं एकाच इमारतीत, वेगवेगळ्या मजल्यावर. मी ओळखीपाळखी काढून आत निरोप पाठवायचे आणि बाहेर लिंबाखाली बसून राहायचे. तिथं शेकडो माणसं तशीच बसलेली असायची.  प्रत्येकाचं लक्ष आतून येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडं.

काका गेले. त्यांची मयत गावात आली नाही, तिकडंच दहन झालं. काकू माझ्या पुढ्यात बसल्या होत्या, म्हणाल्या, "ताई, तू नगरपंचायतीत हायस. माझं एवढं काम कर. त्येंचं तोंड तेवढं दाखीव." मी खूप खटपट केली. तोंड दाखवता आलं नाही. ती बाई माझ्यावर रागावलीसुद्धा नाही, याचं मला जास्त रडू येतं. लोकांना अंत्यविधीला गर्दी करू नका म्हणून मी वर्षभर सांगत फिरले होते. काकांच्या वेळी गर्दी करणारं कुणी नव्हतंच.

अण्णा वाचले. ऑक्सिजनवर बरेच दिवस काढून घरी आले तेव्हा लाल कोटात दोन अण्णा मावले असते. काकांचं त्यांना आम्ही घरी आल्यावर सांगितलं. त्यांनी तंबाखूची डबी मागितली, उघडून बघितली, आणि आईला म्हणाले, तिकडं ठेव, एवढंच.

त्या दिवसांत आई एकदा मशीनवर बसली होती, पाय न हलवता. मी गेले तर तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "माझ्या काजामुळं तर न्हाई ना झालं?"

मी म्हणाले, "आई, टेम्पोत सगळे चिकटून बसले होते. मांडवात जेवले. एका डबीतली तंबाखू खाल्ली. काजाचं काय घेऊन बसलीस?"

"तसं न्हाई," ती म्हणाली. "काज पाडलं न्हसतं तर ते गेलेच न्हसते."

 मी तिच्याजवळ बसून रडले. कोणत्या श्वासातून आला, कुणाला आधी लागला, हे कुणालाच कधी कळणार नाही. पण आईनं तेव्हापासून काज पाडायचं काम घ्यायचं सोडलं. ब्लाउज शिवते, हुक लावते. सदरा आला तर परत पाठवते.

डॉक्टरांनी अण्णांना श्वासाचा व्यायाम करायला प्लास्टिकचं एक यंत्र दिलं होतं. तीन नळ्या, तीन रंगीत गोळ्या. नळी तोंडात धरून श्वास ओढायचा, की गोळ्या वर जातात. अण्णांची पहिली गोळी थरथरायची, वर जाऊन लगेच पडायची. दुसरी जागची हलायची नाही. "जन्मभर फुंकायला शिकलो," ते म्हणायचे, "आता म्हातारपणी वढायला शिकिवतेत." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसाचा खालचा भाग कडक झालाय, चालता-फिरता येईल, पण पहिल्यासारखं होणार नाही. हे मी अण्णांना सांगितलं नाही. त्यांना ते माहीत होतं असं मला आता वाटतं.

मग सगळं उघडलं. एका सकाळी साहेब म्हणाले, उद्यापासून घंटागाडीवर नुसतं ओला कचरा, सुका कचरा. लोकांनी दोन वर्षांची राहिलेली लग्नं एका वैशाखात उरकायला काढली. तिथी इतक्या दाट की घोडे मिळेनात, आचारी मिळेनात. अण्णांचा फोन सकाळपासून वाजायचा. दूरदूरच्या गावची माणसं, जुनी गिऱ्हाइकं. अण्णा प्रत्येकाला एकच सांगायचे, "तिथी भरली हो आमची. दुसरा बघा आवंदा." अगदी व्यापाऱ्याच्या थाटात. एक जण अजिजीला आला, तर म्हणाले, "काय करावं, एका दिवसात दोन ठिकाणी वाजवता येत न्हाई माणसाला." फोन ठेवला की भिंतीकडं तोंड करून पडायचे. मी आणि आई काहीच ऐकलं नाही असं दाखवायचो.

त्या सराईत काकांच्या मुलीचं लग्न निघालं. बँडवाल्याच्या घरचं लग्न असलं की सुपारी नसते, बोलावणं नसतं. जोडीदारानं आपणहून जाऊन उभं राहायचं असतं. तरी काकू आल्या. ओट्यावर बसल्या आणि पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "भावजी, त्ये असते तर दोघं मिळून वाजवलं असतं. आता तुमी एकलेच हाव."

अण्णा म्हणाले, "म्या हाय की."

तेव्हापासून लग्नापर्यंत ते रोज दुपारी आतल्या खोलीचं दार लावून बसायचे. आता तक्रार करणारं कुणी नव्हतं, जगात कसलीच बंदी नव्हती. मी एकदा दाराशी उभी राहिले. आतून नुसती हवा गेल्याचा आवाज आला, मग एक किनरी चिरक, मग खोकला. बराच वेळ काही नाही. पुन्हा हवा. मला दार उघडून सांगावंसं वाटलं की राहू द्या अण्णा. मी उघडलं नाही.

लग्नात नवऱ्याकडच्यांनी पाटोद्याचा बँड आणला होता. त्यांचा क्लॅरोनेटवाला तरुण होता, शिकताना कधीकाळी अण्णांकडं येऊन गेलेला. बोळवणीच्या आधी अण्णा त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. त्यानं मान हलवली आणि डोळे पुसले. मग अण्णा लाल कोट घालून रांगेत त्याच्या शेजारी उभे राहिले, क्लॅरोनेट ओठाला लावून.

बोळवणीचं वाजायला लागलं. फुंकत होता तो पोरगा. अण्णांच्या क्लॅरोनेटमधून काहीच येत नव्हतं. मी हाताच्या अंतरावर होते, मला दिसत होतं, त्यांचे गाल फुगतही नव्हते. पण बोटं पडत होती. एकेका भोकावर, जिथं पडायची तिथं, जेव्हा पडायची तेव्हा. बायका रडत होत्या. माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, "अण्णांचा हात बघा, आजबी तसाच हाय." काकांच्या मुलीनं अण्णांचे पाय धरले तेव्हाही त्यांनी क्लॅरोनेट खाली घेतलं नाही.

गाडी सुटली. लोकांची नजर गाडीबरोबर गेली, तसं त्या पोरानं वाजवणं आवरतं घेतलं, सगळेच घेतात. ढोल थांबला. मंडपातून कुणीतरी पंगतीला चला म्हणून हाक मारली. अण्णा मात्र तसेच उभे होते. गाण्याचं शेवटचं कडवं राहिलं होतं आणि त्यांची बोटं ते वाजवत होती, एक सूर न सोडता, घाई न करता. गाडी कधीच वळणापलीकडं गेली होती. मी थांबले. शेवटचं बोट उचललं गेल्यावर त्यांनी क्लॅरोनेट ओठांवरून काढलं, त्याचं कोरडं तोंड सवयीनं कोटाच्या बाहीला पुसलं, आणि माझ्याकडं बघून विचारलं,

"ऐकू गेलं असंल का गं तिला, गाडीत?"

मी म्हणाले, "गेलं, अण्णा."